खांबेट्यांची बोटं

विश्वंभर खांबेटे यांनी मागितलं होतं क्लॅरिनेट, आणि आला ओबो. यात चूक नेमकी कोणाची हे ठरवायचं तर चौकशी समिती नेमावी लागेल. आणि ज्या माणसाने तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढली त्याला चौकशी समितीतून काय निष्पन्न होतं हे पुरेपूर ठाऊक असतं. पुण्याच्या लेकीने, इराने, बाबांच्या निवृत्तीनिमित्त तो कुठल्याशा जुन्या वाद्यांच्या दुकानातून आणला. "दुकानदार म्हणाला, जवळजवळ तेच असतं," एवढाच तिचा जबाब. पेटी उघडली तेव्हा आत काळ्या लाकडाचे तीन तुकडे, आणि त्यांच्यावर इतक्या चकचकीत चाव्या, कड्या आणि दांड्या, की त्यांच्या पत्नी कुमुदताईंना वाटलं शिवणयंत्राचा आतला भाग आलाय.

चूक आहे म्हणावं तर लेकीचा हिरमोड. विश्वंभरराव चष्मा पुसून म्हणाले, "हेच. हेच हवं होतं मला." नायब तहसीलदाराने एकदा शेरा मारला की तो खोडता येत नाही, खाली सही करावी लागते. त्या एका वाक्यातून पुढचं सगळं झालं.

चौलपासून मुरूडपर्यंत ओबो म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं, ही गोष्ट विश्वंभररावांना मनातून फार आवडली. पेटी आणि तबला काय, आळीत प्रत्येक घरात सापडतात. शेजारच्या वाडीतल्या नीराबाईंनी कुंपणावरून बघून "अगोबाई, ही तर सनई" असा निकाल दिला आणि लग्नात वाजवणाऱ्या एका वाजंत्र्याला बोलावूनही आणलं. तो दोनदा फुंकून, ओबो उलटासुलटा करून म्हणाला, "सनईच हाय, पण भोकांना झाकणं कशापायी? झाकायला बोटं न्हाईत का?" आणि चहा पिऊन गेला. त्याच्या या प्रश्नाचं उत्तर विश्वंभररावांना पुढे दोन महिन्यांनी कळलं. झाकणं होतीच, बोटं नव्हती.

गुरू सापडला तो रेवदंड्याच्या कोळीवाड्यात. सदू कोळी नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेला. अठरा वर्षं त्याने पांढऱ्या गणवेशात ओबो वाजवला होता, आणि आता बंदरावर बसून जाळी विणत होता. शिकवणी दुपारची, धक्क्यावर, जाळ्याच्या ढिगाशेजारी. पहिल्या दिवशी त्याने विश्वंभररावांचं वाजवणं पाच मिनिटं ऐकून घेतलं. हातातली सुई थांबली नाही.

"सायेब, फुंक बरी हाय," तो म्हणाला. "पन बोटां सरकारी हायत."

"म्हणजे?"

"एक हाललं की बाकीची वाट बघत बसतात. वरनं ऑर्डर येयाची."

विश्वंभररावांचा चेहरा पडला, पण गुरूला उलट बोलायचं नाही हा संस्कार होता. सदूने मग ओबो हातात घेऊन दुखणं दाखवलं. सी या स्वरावरून वरच्या डी वर जायचं, की चार बोटं एकदम खाली यायला हवीत आणि पाचवं, म्हणजे डाव्या हाताचं पहिलं, न उचलता नुसतं किंचित कलतं व्हायला हवं. हे सगळं एका क्षणात. एक जरी बोट मागे राहिलं तर सी आणि डी यांच्यामध्ये तिसराच कोणीतरी ओरडतो.

"होडी वर वढताना कसं," सदू म्हणाला, "समदी एकदम जोर लावतात. एकानेच आधी लावला तर त्याची कंबर जाते नि होडी थयच ऱ्हाते."

हा जो तिसरा कोणीतरी, त्याचा आवाज हुबेहूब चुकलेल्या वासरासारखा होता. हे मत विश्वंभररावांचं नव्हे, ठमीचं. ठमी म्हणजे नीराबाईंची गाय. विश्वंभरराव मागच्या पडवीत रियाजाला बसले आणि सी चा डी करताना बोट मागे राहिलं, की ठमी कान टवकारून हंबरायची. तिसऱ्या दिवशी ती कुंपण मोडून आली आणि पडवीच्या पायरीशी उभी राहून विश्वंभररावांकडे अशा काही मायेने बघू लागली की त्यांना वाजवता येईना. बरोबर सुरावर ती ढुंकूनही बघत नसे, चुकीच्या सुरावर मात्र दर वेळी ओ देई. इतका प्रामाणिक परीक्षक विश्वंभररावांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

नीराबाईंना मात्र यात संगीत दिसलं नाही. "भाऊजी, तुम्ही माझ्या मुक्या जनावराला फसवताय. पान्हा चोरायला लागली ती," असं म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला आणि, शेजारधर्म म्हणून, देण्याआधी विश्वंभररावांना दाखवायला आणला. विश्वंभररावांनी तो वाचला आणि त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. अर्जाला विषय नव्हता, संदर्भ नव्हता, "सबब" हा शब्द कुठेच नव्हता. त्यांनी तो अर्ध्या तासात व्यवस्थित करून दिला. "सबब, सदर इसमास वाद्य वाजविण्यापासून परावृत्त करणेबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी." नीराबाई धन्य झाल्या. अर्ज इतका चोख झाला होता की ग्रामपंचायतीने त्यावर, त्यांच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच, आठवड्याच्या आत कार्यवाही केली. सदर इसमास नोटीस आली.

एरवी हा विषय इथे संपला असता. पण त्याच आठवड्यात आळीतल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा झाली. वाचनालयाला डिसेंबरात पंचाहत्तर वर्षं होत होती, आणि वर्धापनदिनाला महिला भजन मंडळ एक नवं गाणं म्हणणार होतं. ते गाणं कुमुदताईंनी रचलं होतं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. कोणीतरी म्हणालं, "विश्वंभरराव, तुम्ही त्या पिपाणीवर साथ करा की!" सभेत खसखस पिकली. पिपाणी! विश्वंभरराव ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "करणार आहे. ओबोवर. इतिवृत्तात नोंद घ्या."

घरी आल्यावर कुमुदताई थेट स्वयंपाकघरात गेल्या. पोळ्या झाल्या, गॅस बंद झाला, आणि मग त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत मी लोकांसमोर कधी काही केलं नाही. हे पहिलंच आहे. ते बिघडवू नका, एवढंच."

विश्वंभररावांनी गाण्याची चाल कागदावर उतरवून मोजलं. सी वरून डी वर जाणारी उडी त्या गाण्यात सत्तावीस वेळा होती. बायकोने हे मुद्दाम केलं असेल का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण गाणं ओबोच्या आधी झालं होतं.

सदूला सांगितल्यावर त्याने ओबोची पत्तीच, जिच्यातून फुंकायचं तीच, काढून स्वतःच्या खिशात टाकली. "महिनाभर फुंकाचं न्हाय. नुसती बोटां. दोनच सूर. हालू. बोट नि चावी यांच्यात तांदळाचा दाणा मावला पायजे, फणसाची आठळी न्हाय. काठी घ्या, छत्री घ्या, काय बी घ्या. पन पाची एकदम." यामुळे नोटिशीचाही प्रश्न सुटला. मुक्याने वाजवण्याविरुद्ध ग्रामपंचायतीकडे तरतूद नव्हती.

त्या दिवसापासून विश्वंभररावांची बोटं थांबली नाहीत. छत्रीच्या दांड्यावर, लाटण्यावर, एसटीच्या दांडीला धरून, वर्तमानपत्राच्या गुंडाळीवर सी, डी, सी, डी. आळीतल्या एका गृहस्थांचे वडील गेले, तिथे ते समाचाराला गेले. त्या गृहस्थांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोलण्यासारखं काही सुचेना. बोटांना मात्र सुचलं. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांनी एकूण बारा आवर्तनं केली. त्या गृहस्थांना हुंदका आवरेना. "एवढं कोणाला वाटलं नाही हो," ते म्हणाले. विश्वंभरराव घरी येऊन स्वतःवर दोन तास रागावले होते, पण ते करतानाही बोटं चालूच.

मग लिलाव झाला. एका सकाळी बंदरावरून जाताना ते गर्दीत थांबले. सदूची बायको कोकिळा मासळीचा लिलाव पुकारत होती. विश्वंभरराव छत्री छातीशी उभी धरून बघत होते. कोकिळाचा आवाज असा चढत होता की त्यात एक लय होती, आणि लय दिसली की त्यांची बोटं स्वस्थ बसत नसत. चार खाली, एक कलतं. चार वर. तेवढ्यात कोकिळाने त्यांच्याकडे हात केला. "काकांची! दोन्ही पाट्या काकांच्या!"

"कसल्या पाट्या?"

"बोंबलाच्या. तुमी चार बोटां दावली, मग परत चार दावली. त्याच्यावर कोनी गेलाच न्हाय."

खांबेट्यांच्या घरात चातुर्मासात कांदाही पडवीत बसतो. विश्वंभररावांनी हे कोकिळाला समजावण्याचा प्रयत्न केला. तिने कमरेवर हात ठेवला. "काका, तुमी तहसीलीत व्हतात नं? थय लिलाव असा मोडत व्हतात?"

नव्हते मोडत. बत्तीस वर्षांत एकही नाही. हा मुद्दा इतका बिनतोड होता की विश्वंभररावांनी मान खाली घालून दोन पाट्या बोंबील रिक्षात चढवले. घरी न्यायची प्राज्ञा नव्हती, तेव्हा ते नीराबाईंकडे उतरवले. नीराबाईंचा राग तत्काळ निवळला. त्यांनी बोंबील दोरीवर रांगेने वाळत घातले, आणि दोरी बांधली कुंपणाच्या कडेने, वारा पश्चिमेकडून येतो तिथे. आठ दिवस तो वारा खांबेट्यांच्या स्वयंपाकघरातून गेला. कुमुदताई त्या आठ दिवसांत खिडकी बंद करून गाण्याचा सराव करत, आणि नवऱ्याकडे बघत नसत.

बोंबलांबद्दल उतराई म्हणून नीराबाईंनी सल्ला दिला. "भाऊजी, बोटांत ताकद नाही तुमच्या. अहो, कागद धरलेली बोटं ती. सुपारी सोला. आमच्याकडे बायका दिवसाला ढीग सोलतात, बघा कशी चालतात बोटं." सुपारीचा हंगाम नुकता सुरू झाला होता आणि नीराबाईंना सोलणारी माणसं मिळत नव्हती, या दोन गोष्टींचा सल्ल्याशी काही संबंध नाही असं विश्वंभररावांनी समजून घेतलं. ते पंधरा दिवस रोज सुपारी सोलत बसले. बोटांत ताकद आली की नाही कळलं नाही. कातडी मात्र गेली, आणि उरली ती काळी पडली.

आणि नोव्हेंबर हा निवृत्तीवेतनधारकांनी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करण्याचा महिना असतो.

बाजारातल्या बँकेत सुचिता नावाची एक नवी अधिकारी होती, अतिशय सालस मुलगी. तिने ठशाचं यंत्र पुढे सरकवून म्हटलं, "बोट ठेवा, आजोबा."

एकोणसाठाव्या वर्षी आजोबा! विश्वंभररावांनी ते गिळलं आणि तर्जनी ठेवली. यंत्र म्हणालं, जुळत नाही. मधलं ठेवलं. जुळत नाही. मग अनामिका ठेवायला गेले तर सगळीच बोटं एकदम खाली आली. सदूची शिकवणी फळाला येत होती, फक्त चुकीच्या ठिकाणी.

"एकच बोट, आजोबा."

"ती आता एकटी जात नाहीत," विश्वंभरराव अभिमानाने म्हणाले.

सुचिताने मान वर करून पाहिलं. समोरच्या काचेवर त्यांची बोटं चालली होती. चार खाली, एक कलतं. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "हे किती दिवसांपासून होतंय?"

"झाला महिना. रोज दोन तास. पण हल्ली मला न कळतसुद्धा होतं."

"कोणाला दाखवलंत?"

"सदूला दाखवतो ना दर मंगळवारी. तो म्हणतो, हळूहळू वेग वाढेल."

सुचिताच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आणि... यातून बरं होतं का माणूस?"

"वेग वाढला की खूपच बरं होईल," विश्वंभरराव म्हणाले.

तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं आणि फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: "हस्तकंपामुळे सही करण्यास असमर्थ." मग अंगठा घेतला, दोन साक्षीदारांसमोर. साक्षीदार म्हणून रांगेतूनच नीराबाई आणि किराणा दुकानवाले पियूषभाई पुढे आले. ज्याने आयुष्यभर म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हात धरून "अंगठा नीट दाबा, आजोबा" म्हटलं, त्या नायब तहसीलदाराचा काळा अंगठा नीराबाईंनी स्वतः धरून शाईवर दाबला. विश्वंभरराव काय लिहिलंय ते वाचेपर्यंत फॉर्म आत गेला होता. "अहो, हे चूक आहे," ते म्हणाले. सुचिता म्हणाली, "तुम्ही अजिबात ताण घेऊ नका." बँकेतून आलेल्या ताणावर बँकेतच मिळालेला हा उपाय.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. पियूषभाई केळ्यांचा घड घेऊन आले. "शेठ, माझा काकाने पण असाच होता. छेल्ले छेल्ले, एकदम शेवटी, तो चमचा पण पकडता नव्हता येत. पण तुम्ही हिंमत राखा." ज्यांच्या हातावर बारा आवर्तनं झाली होती ते गृहस्थ आले आणि म्हणाले, "मला त्याच दिवशी शंका आली होती. पण तुम्ही स्वतःच्या दुखण्यात असून माझं सांत्वन करत होतात." नीराबाई तांब्याभर दूध घेऊन आल्या, आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "भाऊजी, मी अर्ज मागे घेतला. वाजवा. ठमीला काय, सवय होईल. मन रमतंय ना, मग खुशाल वाजवा."

आता विश्वंभररावांनी हिशेबाने "मला काही झालेलं नाही" असं खडसावून सांगायला हवं होतं. ते तोंड उघडणारही होते. पण त्याच दिवशी सदूने पत्ती परत दिली होती, महिना भरला होता, आणि नोटीस मागे घेतली गेली होती. विश्वंभररावांनी तोंड मिटलं. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो याची त्यांना स्वतःलाच कल्पना नव्हती. त्यांनी केळं घेतलं आणि किंचित खोकलेसुद्धा.

"सांगा की लोकांना," कुमुदताई म्हणाल्या.

"सांगतो. वर्धापनदिन झाला की."

"हे बरोबर नाही."

"नाहीच," विश्वंभरराव म्हणाले, आणि पडवीत जाऊन वाजवायला बसले. बोटं खरोखर सुधारली होती. दहातल्या सहा उड्या साफ जात होत्या. ठमी मधूनमधूनच ओ देत होती.

याची शिक्षा छापून आली. वर्धापनदिनाची कार्यक्रमपत्रिका घरोघर गेली, त्यात ओबो कुठेच नव्हता. महिला मंडळाच्या गाण्याआधी लिहिलं होतं: "दुर्धर आजाराशी झुंजणारे आपले सदस्य श्री. विश्वंभर खांबेटे यांचा हृद्य सत्कार." विश्वंभरराव पत्रिका घेऊन तडक वाचनालयाचे अध्यक्ष भगत गुरुजी यांच्याकडे गेले.

"गुरुजी, मला काहीही झालेलं नाही."

"हेच!" गुरुजी बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्याने म्हणाले. "ही जिद्द! भाषणात घेतो मी हे."

"मी साथ करणार आहे. इतिवृत्तात नोंद आहे."

"विश्वंभरराव," गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "पत्रिका छापून झाली."

छापील कागदापुढे विश्वंभररावांनी किती लोकांना हात हलवत परत पाठवलं होतं, ते सगळे त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. घरी येऊन ते झोपाळ्यावर बसले. बोटं चालत नव्हती. कुमुदताईंनी ते पाहिलं, पण सराव थांबवला नाही.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला होता. सदू आणि कोकिळा मागच्या दाराशी उभे होते. सदूने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गुरुजींनी भाषण केलं. त्यात वादळातली नौका होती, विझत्या दिव्याची वात होती, आणि त्यांना स्वतःलाच मध्येच थांबून घसा साफ करावा लागला. मग शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. विश्वंभरराव दोन्ही हातांत नारळ धरून उभे राहिले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुचिता पहिल्या रांगेत होती, तिने तर रुमालच काढला. नारळ घट्ट धरल्यामुळे बोटं अगदी स्थिर होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आता महिला मंडळाचं गीत," गुरुजी म्हणाले, "आणि विश्वंभररावांना आपण जपून खाली..."

विश्वंभरराव खाली उतरले नाहीत. त्यांनी नारळ गुरुजींच्या हातात दिला, खुर्चीखालची पेटी ओढली आणि ओबोचे तुकडे जोडायला सुरुवात केली. गुरुजी गडबडले. "अहो, नको, नको. त्रास होईल! कुमुदताई, तुम्ही तरी सांगा त्यांना."

कुमुदताई माइकशी उभ्या होत्या. गाण्याचा कागद त्यांनी उघडला होता. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो सहा आठवडे खोटं पांघरून बसलेला माणूस होता. त्याने घरात बोंबलाचा वास आणला होता आणि आता तिचं पहिलं गाणं त्याच्या बोटांवर येऊन ठेपलं होतं. सगळा हॉल वाट बघत होता.

"ते वाजवणार आहेत," त्या म्हणाल्या.

गाणं समुद्राचं होतं. समुद्र रोज दारात येतो, पण घरात येत नाही. त्याला काय हवंय ते विचारायला बायको रोज दारापर्यंत जाते, असं काहीसं. पहिल्या कडव्यात विश्वंभररावांची पहिली उडी साफ गेली. कोणाला कळलंही नाही. दुसरीला करंगळीशेजारचं बोट मागे राहिलं आणि तो तिसरा कोणीतरी ओरडला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. विश्वंभररावांना क्षणभर उमगेना. मग पुन्हा एक उडी साफ, शांतता. पुन्हा एक चुकली, पुन्हा टाळ्या, पियूषभाई तर "वाह, हिंमत!" असं ओरडले. चुकीला दाद आणि बरोबरला मौन, असा अन्याय कलेच्या क्षेत्रात अधूनमधून होतो म्हणतात, पण इतका शिस्तबद्ध बहुधा नसेल. विश्वंभररावांना घाम फुटला. दुसऱ्या कडव्यात आणखी सहा चुका झाल्या. टाळ्यांमुळे कुमुदताईंचा एक शब्द बुडाला, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी आली. ती विश्वंभररावांनी तीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिली होती.

त्या आठीने जे केलं ते सुपारीने झालं नव्हतं. त्यांनी लोकांकडे बघणं सोडलं, बोटांकडे बघणं सोडलं, आणि ते नुसतं कुमुदचं गाणं ऐकू लागले. शेवटचं कडवं. ती उडी घ्यायच्या आधी श्वास घेते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. तो श्वास संपला की पाची बोटं खाली. एकदा. पुन्हा. सात वेळा ती उडी आली आणि सातही वेळा सी आणि डी यांच्यामध्ये कोणीच नव्हतं. हॉल अगदी गप्प होता. टाळ्या द्यायला जागाच मिळाली नाही.

गाणं संपलं. क्षणभराने टाळ्या झाल्या, त्या गाण्याला. कुमुदताई कागदाची घडी घालत होत्या, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. बायका त्यांच्याभोवती जमल्या. हीच वेळ, असं विश्वंभररावांनी ठरवलं. ते माइकपाशी गेले.

"मंडळी, मला खरं सांगायचं आहे. मला काहीही झालेलं नाही. कंपवात नाही, काही नाही. मी नुसता बोटांचा सराव करत होतो, आणि लोकांचा गैरसमज झाला तो मी चालू दिला, त्याबद्दल मी क्षमा मागतो. हे पाहा माझे हात."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, दहा बोटं पसरली. बोटं पिंपळाच्या पानासारखी थरथरत होती.

इतकी ती आयुष्यात कधी थरथरली नव्हती. विश्वंभररावांनी ती थांबवायचा प्रयत्न केला तर कोपरंही हलू लागली. सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. नीराबाई मोठ्याने रडल्या. गुरुजींनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "हे खरं धैर्य! स्वतःचं दुःख लपवून जो आपल्याला हसवू पाहतो..." पुढचं ऐकू आलं नाही. दाराशी सदू भिंतीला टेकून पोट धरून हसत होता.

बाहेर पडताना त्यानेच गाठलं. "सत्तावीसात एकोनीस," तो म्हणाला. "नेव्हीत असतात तर डेक धुवाया लावला असता. पन शेवटची सात..." त्याने मान हलवली. "मंगलवारी या. आता दुसरे दोन सूर घेऊ."

खांबेटे दांपत्य चालत घरी निघालं. शाल कुमुदताईंनी घेतली, पेटी विश्वंभररावांनी.

"कुमुद," वाटेत विश्वंभरराव म्हणाले, "शेवटच्या कडव्यात तू माझ्यासाठी थांबत होतीस. कळलं मला. उपकार झाले."

कुमुदताई चालता चालता थबकल्या. "मी? मी नाही हो थांबले. घरून निघतानाच ठरवलं होतं, मागे राहिलात तर राहिलात, मी पुढे जाणार." त्या पुन्हा चालू लागल्या. "तुम्हीच वेळेवर येत होतात."

फाटकाशी आल्यावर कडी काढायला विश्वंभररावांची पाची बोटं एकदम गेली, त्यांना बराच वेळ लागला, आणि कुमुदताई तेवढा वेळ शेजारी उभ्या राहिल्या.